रुग्णवाहिकेतली औषधं: नियम काय बदलले आणि पेटी कशी सांभाळायची

गणेश मंडळ, पतसंस्था, साखर कारखाना, देवस्थान, ग्रामपंचायत, छोटं खासगी रुग्णालय. महाराष्ट्रात रुग्णवाहिका चालवणारे असे कितीतरी आहेत. गाडी येते त्या दिवशी पूजा होते, नारळ फुटतो आणि चावी चालकाच्या हातात पडते. मागच्या कपाटात एक प्लॅस्टिकची पेटी असते, तिच्यात कुणीतरी दिलेली इंजेक्शनं असतात. ती कुणाच्या नावावर घेतली, कुणी टोचायची, वापरली की कोण भरणार, हे विचारलं तर बहुतेक ठिकाणी सगळे एकमेकांकडे बघतात.

२०१४ च्या जानेवारीत राज्यात १०८ सुरू झाली तेव्हा तिच्या ९३७ गाड्या होत्या, त्यांतल्या २३३ प्रगत जीवनरक्षक, आणि गाडीत डॉक्टर. तिथे औषधांची यादी आणि भरणा ठरलेला असतो. हा लेख त्याबाहेरच्या गाड्यांसाठी आहे. गाडी तुमची असेल, किंवा तुम्ही तिच्यावर डॉक्टर, फार्मासिस्ट, परिचारिका, तंत्रज्ञ म्हणून काम करत असाल, तर खालच्या पायऱ्या क्रमाने घ्या. मधली एखादी गाळलीत तर पुढची अडते.

आधी, बदललं काय

गेल्या दहाबारा वर्षांत वेगवेगळ्या कायद्यांत बदल झाले, पण सगळ्यांचा रोख एकाच दिशेला आहे. १ मार्च २०१४ पासून औषध नियमांत ‘अनुसूची एच-१’ आली. तिच्यातलं औषध विकताना दुकानदाराला रुग्णाचं नाव, डॉक्टरचं नाव आणि मात्रा वेगळ्या नोंदवहीत लिहावी लागते आणि ती वही तीन वर्षं जपावी लागते. त्याच वर्षी अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात, म्हणजे एनडीपीएसमध्ये, दुरुस्ती झाली. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन ही सहा औषधं ‘अत्यावश्यक’ ठरली. पूर्वी मॉर्फिनसाठी रुग्णालयाला चारपाच परवाने वेगवेगळ्या खात्यांकडून आणावे लागत. आता राज्याच्या औषध नियंत्रकाची एक मान्यता पुरते. २०१८ च्या एप्रिलमध्ये ट्रामाडोलही त्या कायद्याखाली आलं, आणि दुखण्यावर सहज दिलं जाणारं ते इंजेक्शन एका दिवसात हिशेबाचं झालं. २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला आणि आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाला कायद्यात स्वतःची जागा मिळाली. १ ऑगस्ट २०२३ पासून सर्वाधिक खपाच्या ३०० ब्रँडांवर क्यूआर कोड किंवा बारकोड छापणं सक्तीचं झालं.

कोणतं औषध, कोणत्या बॅचचं, कुणाच्या सांगण्यावरून, कुणाच्या हातून आणि कोणत्या रुग्णाला दिलं, ही साखळी सलग दाखवता आली पाहिजे, असं हे सगळे बदल मिळून सांगतात. पेटी भरलेली आहे एवढं उत्तर आता पुरत नाही.

पहिली पायरी: गाडी कोणत्या प्रकारची, ते कागदावर आणा

एआयएस-१२५ या मानकात रुग्णवाहिकांचे चार प्रकार आहेत. ‘ए’ म्हणजे प्रथम प्रतिसाद देणारी, ‘बी’ रुग्णाची फक्त ने-आण करणारी, ‘सी’ मूलभूत जीवनरक्षक आणि ‘डी’ प्रगत जीवनरक्षक. कोणती औषधं ठेवायची हे याच्यावरून आणि गाडीत माणूस कोण असतो याच्यावरून ठरतं.

यात माझं मत ठाम आहे. गाडीत फक्त चालक असेल तर तिच्यात एकही इंजेक्शन नको. ऑक्सिजन, ओआरएस, मलमपट्टी, साखर, आणि डॉक्टरने फोनवर सांगितल्यास चावायला देण्यासाठी ॲस्पिरिन, एवढंच. चालकाने सुई टोचायची नाही. ‘वेळप्रसंगी कुणी डॉक्टर भेटला तर’ म्हणून ठेवलेली इंजेक्शनं वेळेला जुनी निघतात, आणि ती हाताशी आहेत म्हणून नको त्या माणसाच्या हातून दिलीही जातात.

दुसरी पायरी: औषध कुणाचं, ते ठरवा

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४०, कलम १८(क) नुसार परवान्याशिवाय औषध विकता येत नाही, विक्रीसाठी साठवता येत नाही आणि वाटताही येत नाही. मंडळांनी यातला ‘वाटणं’ हा भाग लक्षात घ्यावा. पैसे घेत नाही म्हणून नियम लागू नाही, असं समजू नका.

परवान्यातून सूट आहे ती ‘अनुसूची के’मध्ये. नोंदणीकृत डॉक्टर स्वतःच्या रुग्णाला औषध देतो तेव्हा, आणि सरकारी किंवा स्थानिक संस्थेच्या रुग्णालयातून औषध दिलं जातं तेव्हा. तिथेही औषध परवानाधारकाकडूनच घेतलेलं हवं आणि नीट साठवलेलं हवं. म्हणून स्वतःचं रुग्णालय नसलेल्या संस्थेने सरळ मार्ग धरावा: जवळच्या एका रुग्णालयाशी लेखी करार करा. औषध त्या रुग्णालयाच्या साठ्यातलं, इनडेंट (लेखी मागणी) त्यांच्या फार्मसीवर, जबाबदार वैद्यकीय अधिकारी त्यांचा, गाडी तुमची. करारात तीन गोष्टी हव्यातच: औषध कुणी भरायचं, मुदत संपत आलेलं कुणी परत घ्यायचं, आणि रात्री दोन वाजता आदेश विचारायला कोणत्या डॉक्टरला फोन लावायचा.

करार झाला की त्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडून स्थायी आदेश लिहून घ्या. कोणत्या लक्षणांवर कोणतं औषध, किती, कोणत्या मार्गाने, आणि काय असेल तर द्यायचं नाही. खाली सही, शिक्का, तारीख. दरवर्षी नवा. गाडीवर कोणती पदवी असलेल्या व्यक्तीने काय द्यायचं, हेही त्यातच लिहा. तंत्रज्ञ असेल तर त्याच्या नोंदणीची प्रत फाइलला लावा.

खरेदीचं एक पथ्य आहे. बिलावर विक्रेत्याचा परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत छापलेली हवी. प्रतिनिधीने दिलेले नमुने, घरोघरी उरलेल्या गोळ्यांच्या ‘दान पेटी’तली औषधं, दुसऱ्या रुग्णाची शिल्लक सलाइन, यांतलं काहीही गाडीत चढवू नका. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण त्या औषधाला कागदी मागोवा नसतो. देणगी द्यायची तर बिलाची रक्कम द्या म्हणावं.

तिसरी पायरी: यादी तुमच्या रस्त्याची करा

इथे घाई करू नका. पुण्यामुंबईच्या रुग्णालयाची यादी छापून आणली की काम झालं असं वाटतं, आणि मग यवतमाळच्या गाडीत फवारणीच्या विषबाधेवरच्या ॲट्रोपीनच्या अवघ्या पाच अँप्यूल, म्हणजे इंजेक्शनच्या छोट्या काचेच्या कुप्या, निघतात.

ॲट्रोपीनचंच गणित मांडू. नेहमीची अँप्यूल ०.६ मिलिग्रॅमची. ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांच्या विषबाधेत प्रौढाला सुरुवातीची मात्रा १.८ ते ३ मिलिग्रॅम असते आणि प्रतिसाद मिळेपर्यंत दर ५ मिनिटांनी ती दुप्पट करत जातात. ३ मिलिग्रॅमने सुरुवात केली तर पहिल्यांदा ५ अँप्यूल, मग १०, मग २०. पहिल्या दहा मिनिटांत ३५. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करणारे शेतकरी दगावले, तेव्हापासून हा हिशेब विदर्भातल्या प्रत्येक गाडीने केलेला असायला हवा. जास्त मात्रेच्या मोठ्या कुप्याही येतात, पुरवठादाराकडे विचारा. इतक्या छोट्या काचा फोडत बसण्यात वेळ आणि बोटं दोन्ही जातात.

ॲड्रेनॅलिनची अँप्यूल १ मिलीची, तिच्यात १ मिलिग्रॅम. हृदय बंद पडल्यास दर ३ ते ५ मिनिटांनी १ मिलिग्रॅम शिरेतून. तुमच्या गावापासून रुग्णालय अर्ध्या तासावर असेल तर एका रुग्णाला ६ ते १० अँप्यूल लागतात. तीव्र ॲलर्जीत तेच औषध प्रौढाला ०.५ मिलिग्रॅम मांडीच्या स्नायूत. दोन्ही वापर एकाच अँप्यूलमधून होतात आणि घाईत चूक इथेच घडते. म्हणून ॲलर्जीची एक वेगळी डबी करा: एक अँप्यूल, एक मिलीची सिरिंज, सुई, आणि झाकणावर मोठ्या अक्षरांत ‘मांडीत, अर्धा मिली’.

बाळंतपणाची ने-आण करणारी गाडी असेल तर मॅग्नेशियम सल्फेट मोजा. ५० टक्के द्रावणाची २ मिलीची अँप्यूल म्हणजे १ ग्रॅम. गर्भारपणातल्या झटक्यांत ग्रामीण केंद्रातून पाठवण्यापूर्वी दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम देतात, म्हणजे १० अँप्यूल. शिरेतून ४ ग्रॅम धरून पूर्ण सुरुवातीची मात्रा द्यायची तर १४. पेटीत दोन अँप्यूल ठेवून यादीवर ‘आहे’ अशी खूण करणं म्हणजे स्वतःचीच फसवणूक.

कोकणात प्रॅझोसिनच्या गोळ्या विसरू नका. लाल विंचवाच्या दंशावर त्यांचा उपयोग महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या कामामुळे जगाला कळला, आणि ही स्वस्त गोळी अजूनही कितीतरी पेट्यांत नसते. सर्पदंशाची प्रतिविष लस मात्र गाडीत डॉक्टर असेल तरच ठेवा. सुरुवातीलाच साधारण १० कुप्या लागतात, तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते, आणि ती सांभाळायला ॲड्रेनॅलिन भरून तयार लागतं. बाकीच्या गाड्यांनी निघतानाच फोन करून ती लस कोणत्या रुग्णालयात शिल्लक आहे ते विचारावं आणि थेट तिकडे जावं.

उरलेली यादी तुमचे वैद्यकीय अधिकारी सहज करतील: ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, जिभेखालची आयसोसॉर्बाइड, २५ टक्के डेक्स्ट्रोज, साल्ब्युटामॉल, हायड्रोकॉर्टिसोन, फ्युरोसेमाइड, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, नॅलोक्झोन, सलाइन. एक मात्र बाहेर ठेवा. पोटॅशियम क्लोराइडची तीव्र अँप्यूल गाडीत नकोच. ती इतर अँप्यूलसारखी दिसते, आणि न पातळ करता शिरेत गेली तर हृदय थांबतं.

ऑक्सिजनही कायद्याने औषधच आहे. बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १,५०० लिटर मावतात. मिनिटाला १० लिटर सोडले तर पूर्ण भरलेला सिलिंडर अडीच तास जातो, काटा अर्ध्यावर असेल तर सव्वा तास. लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी हा भागाकार करा आणि घाटात वाहतूक अडेल हे धरून जादा सिलिंडर घ्या. दाबाची चाचणी दर ५ वर्षांनी होते, तिची तारीख सिलिंडरच्या खांद्यावर ठोकलेली असते.

चौथी पायरी: कुलपातली औषधं

मिडाझोलाम, डायझेपाम, ट्रामाडोल, केटामिन, मॉर्फिन, फेंटानिल. सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे, आणि भीतीही. काही गाड्यांवर भीतीपोटी मिडाझोलामसारखं झटक्यांचं औषधच ठेवत नाहीत. पंधरा मिनिटं झटके येत असलेल्या मुलाला घेऊन गाडी धावते आणि हातात काही नसतं. नियम नीट वाचले तर असं करायचं कारण नाही.

मिडाझोलाम, डायझेपाम, ट्रामाडोल आणि केटामिन हे एनडीपीएसखाली मनोप्रभावी, म्हणजे मनावर परिणाम करणारे, पदार्थ आहेत. सरकारी, स्थानिक संस्थेच्या किंवा धर्मादाय रुग्णालयाला खऱ्या वैद्यकीय गरजेपुरता वाजवी साठा ठेवता येतो, हिशेब चोख असेल तर. केटामिन शिवाय अनुसूची एक्समध्ये आहे. त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि विकणाऱ्याला एक प्रत दोन वर्षं ठेवावी लागते. मॉर्फिन आणि फेंटानिलसाठी रुग्णालयाला ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ व्हावं लागतं. अर्ज राज्याच्या औषध नियंत्रकाकडे, आपल्याकडे अन्न व औषध प्रशासनाकडे, आणि संस्थेत त्यासाठी प्रशिक्षित डॉक्टर नेमलेला असावा लागतो. ही मान्यता संस्थेला असते. गाडी स्वतः संस्था नाही.

यातून माझा सल्ला असा. मॉर्फिन आणि केटामिन पेटीत कायमचं ठेवू नका. मान्यताप्राप्त रुग्णालयाची प्रगत गाडी असेल तर डॉक्टरने कामाची पाळी सुरू होताना सही करून घ्यावं आणि पाळी संपताना सही करून परत करावं. मिडाझोलाम मात्र गाडीतच असू द्या, छोट्या कुलूपबंद डबीत. किल्ली पाळीवरच्या डॉक्टरच्या किंवा तंत्रज्ञाच्या अंगावर, चालकाच्या खिशात नाही. मिडाझोलाम १ मिलिग्रॅम प्रति मिली आणि ५ मिलिग्रॅम प्रति मिली अशा दोन तीव्रतांत येतं. दोन्ही एकत्र ठेवलंत तर एक दिवस पाचपट मात्रा जाणारच, म्हणून एकच तीव्रता घ्या.

वही साधी, पानांवर क्रमांक छापलेली, पान न फाटणारी. रकाने: तारीख-वेळ, आलेलं, दिलेलं, टाकलेलं, शिल्लक, बॅच, रुग्णाच्या नोंदीचा क्रमांक, दोन सह्या. ‘टाकलेलं’ हा रकाना गाळू नका. ५ मिलिग्रॅमची अँप्यूल फोडून ३ दिलं असेल तर उरलेलं २ मिलिग्रॅम दुसऱ्या व्यक्तीसमोर टाकायचं आणि तिने सही करायची. चुकलेली नोंद खोडायची नाही: एक रेघ, शेजारी बरोबर आकडा, सही. शिल्लक जुळली नाही तर त्याच पाळीत वैद्यकीय अधिकाऱ्याला लेखी कळवायचं. लपवलेली एक अँप्यूल पुढे सगळ्या वहीवर संशय आणते.

पाचवी पायरी: ऊन

अकोला, चंद्रपूर, जळगावकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. उन्हात उभ्या बंद गाडीत तासाभरात बाहेरच्यापेक्षा सुमारे २० अंश जास्त तापमान होऊ शकतं. बहुतेक अँप्यूलांवर ‘२५’ किंवा ‘३० अंशांखाली ठेवा’ असं छापलेलं असतं. म्हणजे एप्रिल ते जूनमध्ये कित्येक पेट्या रोज भाजून निघतात, आणि मुदतीची तारीख मात्र दोन वर्षं पुढची दाखवत असते.

कमाल-किमान दाखवणारा साधा थर्मामीटर पेटीत ठेवा आणि पाळी बदलताना दोन्ही आकडे लिहा. महिनाभर लिहिलंत की खरी स्थिती समोर येते. मग गाडी सावलीत किंवा शेडखाली लावा. तेही जमत नसेल तर पेटीच काढून आत न्या: पेटीला मूठ असलेली, गाडीत अडकवता येणारी, आणि गाडीच्या चावीच्या शेजारी ठेवायची, म्हणजे निघताना विसरत नाही. चावीला ‘पेटी घेतली?’ असा मोठा टॅग लावा.

ऑक्सिटोसिन, लोराझेपाम आणि सक्सिनिलकोलिन यांना २ ते ८ अंश लागतात. गाडीत फ्रिज नसेल तर ती कायम ठेवू नका. बाळंतिणीला आणायला निघताना ऑक्सिटोसिन लसीकरणाच्या व्हॅक्सिन कॅरियरमध्ये घ्या, थेट बर्फाला टेकू देऊ नका, आणि परतल्यावर फ्रिजमध्ये ठेवा. झटक्यांसाठी लोराझेपामऐवजी मिडाझोलाम निवडायचं एक कारण हेच, त्याला फ्रिज लागत नाही.

डोळ्यांनीही बघा. ॲड्रेनॅलिन गुलाबी किंवा तपकिरी झालं असेल, तळाशी कण दिसत असतील तर ते बाद. ॲस्पिरिनच्या पाकिटाला व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर गोळी फुटायला लागली आहे. कोकणातल्या दमट हवेत हे लवकर होतं.

सहावी पायरी: सील आणि भरणा

पेटीला क्रमांक असलेलं एकदा वापरायचं प्लॅस्टिक सील लावा. सील शाबूत म्हणजे आतलं सगळं मोजलेलं आणि मुदतीतलं, एवढा तुमचा आपसातला करार. झाकणावर आतली यादी आणि ‘सर्वांत आधी संपणारं औषध कोणतं, कधी’ एवढी एक ओळ. पाकिटावर फक्त महिना-वर्ष छापलेलं असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत मुदत असते.

सील तोडलं की ते परत लागेपर्यंत गाडी ‘अपुरी’ समजायची आणि नियंत्रण कक्षाला फोनवर तसं सांगायचं. भरणा रुग्णालयाच्या फार्मसीतून, रुग्णाच्या नोंदीची प्रत दाखवून. ज्या रुग्णालयात रुग्ण सोडला तिथल्या ओळखीच्या सिस्टरकडून ‘दोन ॲड्रेनॅलिन द्या, नंतर आणून देतो’ हा व्यवहार बंद करा. त्या दोन अँप्यूलची बॅच तुमच्या वहीत नसते आणि त्यांच्या वहीत त्या अजून शिल्लक असतात.

तीन महिन्यांत मुदत संपणारी औषधं रुग्णालयाला परत द्या. तिथे ती वेळेत वापरली जातात, आणि तुम्हाला नवी मिळतात. मुदत संपलेलं औषध जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे पिवळ्या पिशवीत, सुया पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात, फुटक्या काचा निळी खूण असलेल्या खोक्यात. गाडीतला कचरा करार केलेल्या रुग्णालयातच उतरवा.

सातवी पायरी: बॅच तपासणं

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये कर्नाटकातल्या बळ्ळारीत बाळंतिणींचे मृत्यू झाले आणि रिंगर लॅक्टेटच्या सलाइनवर संशय आला. ज्यांच्याकडे बॅच लिहिलेली होती त्यांना आपल्याकडची बाटली बाजूला काढायला काही मिनिटं पुरली असतील. ज्यांनी लिहिली नव्हती त्यांना कपाटं उपसावी लागली असतील.

केंद्रीय औषध नियंत्रण संस्था दर महिन्याला निकृष्ट ठरलेल्या औषधांची यादी प्रसिद्ध करते. महिन्यातून एक दिवस ठरवा, ती यादी उघडा आणि आपल्या बॅचशी ताडून पाहा. जुळली तर औषध लगेच वेगळं काढा, वर ‘वापरू नये’ लिहा, रुग्णालयाच्या फार्मसीला कळवा. क्यूआर कोड असलेल्या पाकिटांवरचा कोड माल घेतानाच मोबाइलवर स्कॅन करून नाव, बॅच, मुदत जुळते का पाहा. नकली वाटलं तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाची टोल फ्री लाइन १८००-२२२-३६५ आहे. औषध दिल्यावर अनपेक्षित त्रास झाला तर राष्ट्रीय औषध सतर्कता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर नोंदवता येतं. दोन्ही क्रमांक पेटीच्या झाकणावर चिकटवा.

राहिली रुग्णाची नोंद. ती दोन प्रतींत करा: एक रुग्णासोबत रुग्णालयात, एक गाडीच्या फाइलला. औषधाचं नाव, मात्रा, मार्ग, घड्याळातली वेळ, आदेश देणाऱ्याचं नाव. फोनवर आदेश घेतला असेल तर तो मोठ्याने परत म्हणून दाखवायचा आणि डॉक्टर ‘हो’ म्हणाले की मगच अँप्यूल फोडायची. रिकामी अँप्यूल रुग्ण सुपूर्द करेपर्यंत ट्रेमध्येच ठेवा. तिथल्या डॉक्टरला तोंडी सांगताना ती हातात धरून वाचा, नोंदीवर त्यांची सही घ्या, आणि मग ती निळ्या खुणेच्या खोक्यात टाका.